अकर्मक

मजकूर तातडीचा, शुक्रवारपर्यंत हवा.
अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरची पुस्तिका,
पानं एकशे बारा, शब्दाला एक रुपया दहा पैसे,
आणि सातव्या पानावर मी तीन दिवस अडकलेली
एकाच क्रियापदापाशी:
इंटरऑपरेट.

कोशात शब्द आहे. आंतरकार्य करणे.
उच्चारला की तोंडात फायलीची नाडी आल्यासारखं होतं.

जुळणे लिहून पाहिलं.
पण जुळतं ते कागदावर, छत्तीसांपैकी अठ्ठावीस.
माझेही अठ्ठावीसच जुळले होते.
पटणे माणसांचं.
जमणे बेभरवशाचं, आज जमलं, उद्या बघू.
चालणे बरं होतं, पण आपण 'चालेल' म्हणतो
तेव्हा निम्म्या वेळा चालणार नसतं.

नांदणे पाशी मात्र पेन थांबलं.
काय शब्द आहे!
पण त्यात उंबरठा एकीनंच ओलांडायचा,
नाव एकीनंच बदलायचं,
आमटीतलं तिखट एकीनंच कमी करायचं,
आणि दुसऱ्या बाजूनं फक्त नांदवून घ्यायचं.
पुस्तिकेत तसं नाही.
तिथे दोन्ही डबे परके, दोघांची नावं तीच राहतात,
आणि तरी काम होतं.

बुधवारी लॅमिंग्टन रोडला गेले.
लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर एलियाझर पेझारकर,
दवाखान्यांची जुनी यंत्रं दुरुस्त करणारे,
भिंग कपाळावर सरकवून डबा खात होते.
विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणायचं?
ते हसले नाहीत. भाकरीचा तुकडा खाली ठेवला, हात पुसले.

"हा मॉनिटर जपानी. हा प्रिंटर जर्मन.
यांच्या कंपन्या एकमेकींवर कोर्टात गेलेल्या.
मधली वायर माझी.
यांना एकमेकांचं सगळं कळायची गरज नसते, ताई.
तीन गोष्टी कळल्या की बास.
मिळालं.
पुन्हा सांग.
थांब जरा.
बाकी ज्यानं त्यानं आपापल्या डब्यात काय ते बोलावं."

मग स्वतःच्याच मनगटाला चिमटा लावला,
आणि जर्मन प्रिंटर
एका पेझारकर हृदयाची रेघ
जपानी तालात काढू लागला.

"खोक्यावर कम्पॅटिबल सगळेच छापतात," ते म्हणाले,
"वायर लावली की कळतं."

जिना उतरताना फोन वाजला. देवदत्त.
*ऋता पोचली. ताप नाही.*
*मिळालं.*
*शनिवारी सहाऐवजी साडेसात?*
*हा की पुढचा? पुन्हा सांग.*
*हाच. गणिताची वही तुझ्याकडे राहिली का?*
*थांब जरा, घरी जाऊन बघते.*

पायरीवर उभीच राहिले.
मागून कोणी तरी टीव्हीचं खोकं घेऊन उतरत होतं,
त्याला वाट दिली.

चार वर्षं झाली.
जुळलं होतं, पटलं नाही,
नांदण्याचं तर नावच नको.
पण दर शनिवारी माटुंग्याच्या पुलाखाली
एक दप्तर या हातातून त्या हातात जातं
आणि अजून एकदाही
खाली पडलेलं नाही.

रात्री वहीत नोंद केली:
क्रियापद अकर्मक. कोणी कोणाला हे करत नाही.
कर्ता मात्र एकटा चालत नाही.
प्रेम लागत नाही. लागलंच तर चालतं,
पण पुस्तिकेत तशी अट नाही.

शुक्रवारी पाठवून दिलं:
*एकमेकांचं ऐकून काम करतात.*

तासाभरात उत्तर आलं.
वाक्य छान आहे मॅडम,
पण त्या चौकटीत सातच अक्षरं मावतात,
म्हणून आम्ही 'सुसंगत' केलंय.

खिडकीबाहेर समोरच्या गच्चीत
कोणी तरी अँटेना फिरवून फिरवून खाली ओरडून विचारत होतं,
आता? आता?

मी लिहिलं:
मिळालं.