एक जानेवारी

सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात
खिडकी क्रमांक दोनवर मी बसतो.
काचेवर आतून चिकटवलेला कागद, बाहेरून वाचायचा:
'साठ वर्षे पूर्ण असल्यास औषध, थेंब, चष्मा मोफत.
मूळ आधार कार्ड सोबत आणावे.'
ज्यांना तो वाचता येतो
त्यांचं इथं फारसं काम नसतं.

धुरपताबाईनं पदराच्या गाठीतून कार्ड काढलं,
कोपऱ्याला हळद लागलेलं.
०१/०१/१९७०.
"मावशी, तुम्ही वयात बसत नाही."
"बसंना कशी? सकाळधरनं बसलेच की."
मी तारखेवर बोट ठेवलं,
जसं काही तिला दिसणारच होतं.

"बहात्तरला पाझर तलावावर पाट्या टाकल्यात म्या.
बारीक हाय म्हणून मुकादम हजेरी अर्धी लावायचा,
माती पुरी भरायचा."
मी मनात वजाबाकी केली.
कार्डाप्रमाणे तेव्हा ती दोन वर्षांची.

दाखला लागेल, म्हणालो. शाळेचा नाहीतर जन्माचा.
"सांडव्यावर दगड हाय, साल कोरलेला.
आणू का?"

तो दगड मला माहीत आहे.
त्याला पाठ टेकून मी डबा खाल्लाय.
अकरा साली तिच्या गावच्या समाजमंदिरात
ठसे घ्यायची मशीन घेऊन मीच बसलो होतो.
एका नावामागं पाच रुपये,
लाईट कधी जाईल नेम नाही.
वय विचारलं की बाया हसायच्या.
"लिव तुझ्या मनानं."
आदल्या दिवशी तिच्या पुतणीचं लग्न झालेलं,
केसांना काळी मेहंदी, ताजी.
मी केसांवरून लिहिलं.
तारीख सगळ्यांना एकच दिली.
आख्खं गाव एका रात्रीत वर्षानं वाढतं
आणि सकाळी कुणाच्या ध्यानातही नसतं.

हे तिला सांगणार होतो.
रांगेत मागं कुणीतरी खोकलं.

"मग कवा येऊ?"
"पाच वर्षांनी."
"बरं."
तिनं कार्ड परत गाठीत बांधलं.
गाठ मारायला डोळे लागले नाहीत.
मग काचेला कपाळ टेकवून, हाताचा आडोसा करून
बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.
"तुझं वय काय रं बापा?"
"अडतीस."
"दाखला हाय?"
"आहे."
"मग तुला दिसत असंल."

काचेवर तिच्या कपाळाचा तेलकट ठसा राहिला.
मी रुमालानं पुसून बघितला.
तो बाहेरून होता.