साडेतीनशे ग्रॅम मोहरी

"लोणचं घालताय का?" वाण्यानं विचारलं.
मी हो म्हटलं.
ना पावशेर, ना अर्धा किलो.
त्यानं एक चिमूट टाकली, एक काढली,
काटा स्थिर होईपर्यंत दोघंही गप्प.

आदल्या रात्री, ईरा झोपल्यावर,
दिवा न लावता, ओट्यावर वाकून
मी उरलेलीला तोललं होतं
भाजीच्या वजनकाट्यावर.
थंडगार ताटली. हिरवे आकडे.
तीनशे बेचाळीस, एकावन्न, पन्नास.
श्वास घेतला की बदलायचे.

सिलिकॉनचं मिळतं, आठ हजारांना.
केमोच्या बिलांनंतर
आठ हजार हा आकडा मी मोठ्यानं वाचत नाही.

भवानी पेठेतल्या निलोफरनं माप घेताना
टेप मध्येच थांबवली नाही, सरळ फिरवली.
म्हणाली, डावीकडे चोरकप्पा करते, ताई,
बायका पैसे ठेवतात ना, तसा.
मलमलीची थैली तिनंच शिवली. तिचे पैसे घेतले नाहीत,
ब्लाउजचे मात्र पुरते घेतले. ते बरं वाटलं.

स्वारगेटहून धायरीच्या बसमध्ये
दांडा धरायला हात वर केला,
(डावा. फिजिओवाली म्हणते, रोज एक वीत जास्त)
आणि शिवण उसवली.
आधी पोटावर गुदगुली,
मग निऱ्यांतून, मग चपलेवर.
राजाराम पुलाच्या सिग्नलला ब्रेक लागला
आणि सगळी मोहरी धावली
ड्रायव्हरच्या दिशेनं.

"कुणाची मोहरी?" कंडक्टर ओरडला.
बस गप्प.
माझी, मी म्हटलं.
शेजारी मांडीवर रिकामी पाटी घेऊन एक आजी.
"लोणच्याची का गं?"
पुन्हा हो म्हणता आलं असतं.
"नाही. छातीची."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली,
मग खिडकीबाहेर बराच वेळ.
विठ्ठलवाडी गेल्यावर म्हणाली,
"माझ्या जावेनं बाजरी भरली होती.
घामानं कोंब आले की तिला!"
आणि तंबाखूचे दात दाखवत हसली,
मीही, टाके ओढेपर्यंत,
पाटी, पदर, पिशव्या सगळं हलत होतं.
"मोहरीच बरी," ती उतरताना म्हणाली.
"फक्त दुहेरी शीव."

थैलीत उरलेली मूठभर
घरी धुतली, वाळवली, फोडणीला टाकली.
कुणाला सांगितलं नाही.
तडतडून एक दाणा मनगटावर उडाला.
ईरानं वरण दोनदा मागून घेतलं.
तिला काय, ती तिथलंच खाऊन
मोठी झालेली.

परवा पुन्हा वाण्याकडे गेले.
"मुरलं का लोणचं?"
"मुरतंय," म्हटलं.
"या वेळी तीनशे ऐंशी द्या.
मी जरा भरलेय."