एक मिनिट, खोलीचं

धर्माबादला उतरलो
आणि स्टेशनबाहेरच पहिला ठसका लागला.
फेब्रुवारी. मिरचीचा हंगाम.
रिक्षावाला मागं न बघताच म्हणाला,
नवे दिसता.

पिशवीत रेकॉर्डर, दोन माइक, हेडफोन,
वहीत बाराव्या भागाचा प्रश्न,
नांदेडच्या खोलीत घासून घासून गुळगुळीत केलेला :
माणूस माणसाला कळतो
म्हणजे नेमकं काय होतं?
एका प्राध्यापकांनी त्याचं उत्तर बावीस मिनिटं दिलं होतं,
एका कीर्तनकारांनी नऊ.
दोघांचेही आवाज स्वच्छ आले होते.

वखारीत पन्नासेक बाया
लाल ढिगाच्या कडेनं देठ खुडत बसलेल्या,
नाकावर पदर, बोटांना करडीचं तेल.
नरसाबाई तोटावाड, हिशेब तेलुगूत, भांडण मराठीत.
तिच्यापासून हातभर अंतरावर शहजादबी,
जी दोन्ही गोष्टी दखनीत करते.
त्या दोघी बोलत नाहीत, मुकादमानं कानात सांगितलं,
अकरा वर्षं झाली. एका घमेल्यावरून.
मग शेजारी का बसतात?
जागा हाय ना त्यांची ती.

नरसाबाईला प्रश्न विचारला.
केसाळ टोपी घातलेल्या माइककडं तिनं निरखून पाहिलं,
ह्याला ठसका लागंना का ओ?
पुन्हा विचारला, सोपा करून.
त्यात काय कळायचं? मिरची तिखट हाय का नाही,
खाऊन बघायलाव का आमी?
हाताला कळतंय.
मला वाटलं, टाळलं तिनं.
मी वहीतल्या पुढच्या प्रश्नावर गेलो.

निघताना नेहमीची विनंती केली :
आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही,
खोलीचा आवाज घ्यायचाय.
संकलनात तो लागतो. दोन वाक्यांमधली फट
त्याच जागेच्या शांततेनं बुजवावी लागते,
दुसऱ्या गावची शांतता चालत नाही,
सांधा ऐकू येतो.
बाया हसल्या. गप बसायचंय व्हय, पैसे मिळतेत का त्याचे?
मग खरंच गप्प झाल्या.
मी मीटरच्या काट्याकडं बघत होतो.

रात्री नांदेडला ते मिनिट लावलं.
तापलेला पत्रा. तराजूची साखळी.
लांब कुठंतरी मालगाडी, निजामाबादकडं.
एकतिसाव्या सेकंदाला ठसका, कोरडा,
मग त्याच्यावर दुसरा, तिसरा.
आणि फरशीवरून काहीतरी धातूचं घासत गेलं,
हातभर. थांबलं.
एक घोट. अजून एक.
बऱ्याच वेळानं
तेच घासणं, उलट्या दिशेनं.

तेवढा तुकडा मी सवयीनं निवडला होता,
नको असलेला आवाज म्हणून.
बोट पुसायच्या कळीवर होतं.

कुणीच बोललं नव्हतं.
अट मोडली नव्हती दोघींनी,
माझी एका मिनिटाची
की त्यांची अकरा वर्षांची.

त्या जागी माझं निवेदन येणार होतं,
संवाद म्हणजे सेतू, असलं काहीतरी,
चार पानं.
ते काढलं.
काढल्यावर भाग फार छोटा झाला
आणि मला तो कुणाला ऐकवायची लाज वाटेना.

नंतर नरसाबाईला फोन केला.
इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं,
तो तांब्या तुमचा होता का?
कसला तांब्या? वखारीत कुठला आलाय तांब्या,
जर्मनचा डबा हाय एक.
कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही.
भाव उतरला म्हणाली, आठ दिवसात काम बंद होईल,
मग फोन तुटला.

माइकची टोपी तीनदा धुतली, वास गेला नाही.
परवा लातूरला एका निवृत्त न्यायाधीशांपुढं धरली.
न्याय म्हणजे काय, यावर ते छान बोलत होते,
मुद्देसूद, एकही शब्द न अडखळता,
आणि मधेच ठसकले.
मी हेडफोन काढून
पाणी शोधायला उठलो.
रेकॉर्डर चालूच होता.