नोएलीनच्या गाडीचं छप्पर

कॅटलॉग तिनं माझ्या वर्कबेंचवर उघडला,
स्क्रू कोपरानं बाजूला सारून.
"हे बघ लॅकलन, कारखान्यातूनच बसवून येतं.
शंभर वॅट. किंमत वाच, मी वाचणार नाही.
आणि तू म्हणे निम्म्या पैशात दुप्पट देतोस.
मग मेख कुठे आहे?"

रिव्हर्टनच्या या शेडमध्ये अठरा वर्षं झाली,
लोकांच्या छपरांवर चढतोय.
मेख सांगायची मला सवय नाही.
गिऱ्हाइकाचा चहा संपेतो माझी शिडी लागलेली असते.
पण हिनं तीस वर्षं
मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांना जेवू घातलंय,
बावीस माणसं, दिवसातून पाचदा,
आणि पातेलं एकदाही कमी पडलं नाही.
अशा बाईला अंदाजपंचे सांगता येत नाही.

म्हणून सांगितलं.
कारखान्याचं पॅनल महाग, लहान,
त्यांच्या सोयीच्या जागी चिकटवलेलं,
बहुतेक झरोक्याच्या टोपणाला खेटून.
एक कोपरा सावलीत गेला की अख्खं पॅनल रुसतं,
टोळीतल्या एकाचं बिनसलं
की सगळ्यांनी कात्र्या खाली ठेवाव्यात, तसं.
पण छप्पर गळलं तर ते त्यांच्या गळ्यात.
माझं मोठं, स्वस्त, म्हणाल तिथे.
फक्त वायरीसाठी मी एक भोक पाडणार
आणि उद्या कुठेही ओल दिसली
की त्या भोकाकडे बोट दाखवून
कंपनी हात झटकणार.

"तुझं भोक कधी गळलंय?"

गळलं होतं. पहिलंच. माझ्याच गाडीचं.
रेविन रात्रभर पोटावर सॉसपॅन धरून पडली होती,
सकाळी म्हणाली, अर्धा लिटर झालंय, चहा टाकू का?
हेही सांगितलं. आता काय ठेवायचं राखून.

मग तिनं पेन्सिल काढली.
कॅटलॉगच्या समासात, हसणाऱ्या जोडप्याच्या डोक्यावर,
लिहिलं: फ्रिज. पंप. दिवा एक. रेडिओ.
"जूनचं धर," म्हणाली.
जूनमध्ये इथे सूर्य उत्तरेच्या टेकडीला धरून
कसाबसा सरकतो
आणि पाचच्या आत दुकान बंद करतो.
मी आकडा सांगितला.
तिनं तो खोडून अर्धा केला. "तू विकणारा आहेस."

"तुझी गाडी असती तर?"

शेडच्या पत्र्यावर सीगल चालत होता, टकटक.
म्हटलं, छप्पर कोरं मागवा.
नुसती वायर ओढून घ्या आतून,
त्यांच्या हातानं, त्यांच्याच भोकातून, त्यांच्याच वॉरंटीवर.
पॅनल मग बघू.

सेल्समन फोनवर हसला म्हणे.
नुसती वायर? कशालाच न जोडलेली?
"कशाला जोडायची ते माझं मी बघीन,"
नोएलीन म्हणाली, आणि त्यानं हसणं आवरलं.

सप्टेंबरात गाडी आली. पांढरी, कोऱ्या प्लास्टिकच्या वासाची.
छपरावर एक छोटी टोपी, खाली टेपनं बांधलेली दोन टोकं.
मी खडू घेऊन वर चढलो,
दर दोन तासांनी सावल्यांच्या कडेनं रेघ मारत:
झरोका, एरियल, मागचा पाइप.
खरं म्हणजे गाडी वळली
की या सगळ्या रेघा खोट्या, तेही बोललो.
"मग वळवू," ती म्हणाली.
दोन दिवस वळवत राहिलो.
उत्तरेला तोंड, मग पूर्वेला, मग डेअरीकडे, मग समुद्राकडे,
मध्ये मटण पाय, मध्ये पावसाची एक सर,
तिनं पुसलेल्या रेघा पुन्हा.

शेवटी छप्पर म्हणजे पोराची पाटी झाली.
मागे डाव्या अंगाला तेवढा एक तुकडा उरला,
जेवणाच्या टेबलाएवढा,
जिथे एकही रेघ पोचली नव्हती.

अडुसष्टाव्या वर्षी ती शिडीवर चढली, बघायला.
बराच वेळ डोळ्यांनीच मापत राहिली.
"पुरेल."
आणि उतरता उतरता, पायरी चाचपत,
"जूनमध्ये नाही पुरणार.
तेव्हा लवकर झोपेन."