नव्या चष्म्याचा पहिला आठवडा

तांडेलकाका, हा घ्या. दोरी लावून दिलीय,
गळ्यातच राहू दे.
थेंबांचं डॉक्टरांनी सांगितलंय,
वाचायचं-बघायचं मी सांगते.
तसं कोणी विचारत नाही चष्मेवालीला.
पण घणसोलीच्या या दहा-बाय-बाराच्या गाळ्यात
अकरा वर्षं
मी माणसांना भिंतीवरचा एकच मजकूर वाचायला लावतेय,
वरून खाली बारीक होत जाणारा,
ज्याला ना गोष्ट ना शेवट.
त्याची भरपाई समजा.

आज काहीच वाचू नका.
जिन्यात पायरी वर आल्यासारखी वाटेल,
तिचं ऐकू नका.
रात्री सूनबाईंची मालिका लागली
की पडद्याकडे नको, बघणाऱ्यांकडे बघा.
नातवाच्या हनुवटीवर जुनी खोक आहे.
कधी पडला होता, विचारा.

मग हे पुस्तक.
ठाण्याला, नौपाड्यातल्या रद्दीवाल्याकडे किलोवर मिळालं,
कव्हर नाही, म्हणून नाव मलाही ठाऊक नाही.
एक बाई खानावळ काढते, एवढीच गोष्ट.
पण मध्यावर कुठेतरी
ती पहिल्यांदा स्वतःचं ताट आधी वाढून घेते,
भातावर तूप, लिंबाची फोड, सगळं रीतसर,
आणि गिऱ्हाइकं बाहेर बाकावर खोळंबलेली.
तिथे मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं.
शेवटची आठ पानं नाहीत.
खानावळ चालली की बसली, मला विचारू नका.
मी दर वेळी चालवते.

डोळा चुरचुरला तर मिटा. घाई नाही.
पुस्तक परत नाही केलंत तरी चालेल,
नाही, करा.

सिनेमा एकच. दुपारी लागतो, जाहिरातींच्या मधून मधून.
हिरो फुकट आहे.
बहिणीचं लग्न मोडतं तेव्हा सगळं घर रडतंय
आणि मागे ओट्यावर एक म्हातारा छत्री शिवत बसलाय,
ज्याला बहुतेक कोणी सांगितलंच नाही कॅमेरा चालू आहे.
तो दोऱ्याला गाठ मारतो, दाताने तोडतो,
छत्री उघडून उजेडाला धरतो.
तेवढा बघा.
बाकी वेळ चहा घ्या.

आणि तो कागद.
तपासणीला आलात तेव्हा पिशवीत होता,
सिडकोचा, जमीन गेली तेव्हाचा,
घड्यांवर चिरत आलेला.
‘हा वाचता येल ना?’ एवढंच विचारलंत,
चष्म्याची किंमतसुद्धा नाही.
तो शुक्रवारवर टाका.
दिवसाउजेडी, दारात खुर्ची घेऊन,
शेजारी कोणीतरी असू दे.
खाली तुमच्या वडिलांचा अंगठा आहे.
आजवर तो निळा डाग होता,
आता त्याच्या रेघा सुट्या दिसतील,
खारीतल्या बांधांसारख्या.

*

शनिवारी काका आले,
चष्म्यावर हळदीचं बोट उमटलेलं.
मी काच पुसून दिली. कागदाचं विचारलं नाही,
त्यांनीही काढलं नाही.
पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले,
‘बाय, चालली गो तिची खानावल.
आठ पानां मी मनान वाचली.’

आणि दारातून वळून,
‘आता माजं आइक.
उद्या सुकती साडेबाराला.
खारीवर जा, चिखलाजवल गप उभी रव.
निवट्या वर येतान, शेपटीवर उड्या मारतान,
डोलं डोक्यावर ठेवलेलं.
अकरा वरसां हितं बसलीस,
खारी तुज्या मागल्या भिंतीपासून सात मिंटांवर.’

ते गेल्यावर मी नंबर लिहायचं पॅड ओढलं.
उजवा, डावा.
जवळचा, लांबचा.
लांबच्या रकान्यात लिहिलं:
सुकती, साडेबारा.