स्लाईड क्रमांक चार

दिग्रसला कापूस परिषद, मंगल कार्यालयात.
कालच्या लग्नाची थर्माकोलची नावं
अजून भिंतीवर,
त्यांच्यावरच पडलेली माझी चौथी स्लाईड.

मी म्हणालो, "इथं बघा. हा लाल, हा निळा.
फरक तुमच्या समोरच आहे."
दुसऱ्या रांगेतून पुंजाराम घोडमारे,
काठी गुडघ्यांत, मान छताकडे :
"बावा, 'इथं' म्हंजे कोन्या गावाले?"

लोक हसले. मीही हसलो.
पुढची स्लाईड.

पहिल्या रांगेत सुगंधा आत्राम.
ऐकू येत नाही, ओठांवरून वेचतात शब्द
बोंडातून सरकी वेचावी तसे.
मी भिंतीकडे वळलो
की त्यांच्यापुरती परिषद बंद.
मी बराच वेळ भिंतीकडेच होतो.

मग लाईन गेली.
पंखे, माईक, लाल, निळा.
खिडक्यांना जाड पडदे, स्लाईड दिसावी म्हणून
मीच लावायला सांगितलेले.

"बोल न आता," पुंजाराम म्हणाले,
"सारेच माह्या गावचे झाले."

बत्तीस स्लाईड होत्या माझ्याकडे,
वाक्य एकही नव्हतं.
कसंबसं सुरू केलं :
लाल म्हणजे पुरुषभर, निळा गुडघ्याएवढा,
अळीनं खाल्लं ते लाल.
"हां," ते म्हणाले, "आता दिसलं."

मला बरं वाटलं.
तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची सरकली.
सुगंधाताई निघाल्या होत्या.
अंधारात ओठ दिसत नाहीत.

आता रात्री लॅपटॉप मिटून
बायकोला स्लाईड सांगतो.
ती भाकरी थापत म्हणते,
"समजलं नाही, परत सांग."
परत सांगतो.

यंदा आर्णीला परिषद.
पिशवीभर बोंडं घेतलीत, हातोहात फिरवायला.
सुगंधाताईंना सगळं भाषण
मोठ्या अक्षरांत आधीच धाडलं,
त्यात त्यांनी दोन चुका काढून पाठवल्या.
पडदे उघडे. उजेड माझ्या तोंडावर.

मंचाला तीन पायऱ्या.
व्यवस्थापकाला म्हटलं, उतार करा, फळी तरी टाका.
तो म्हणाला, "काहून? चाकाच्या खुर्चीवालं
इथं कधी कोनी आलंच नाही, सर."

फळी मीच आणली, सुताराकडून उसनी.
एका टोकाला जरा हलते.
खाली विटेचा तुकडा सारतो आहे.