दोन तोंडांची चावी

आमचा व्हॉल्व्ह पिंपळाच्या अलीकडे,
त्यांचा पलीकडे.
मध्ये बावीस पावलं रस्ता. घोरपडीतला.
कागदावर दोघांचा,
फुटला की कुणाचाच नाही.

मी महापालिकेचा, शाबुद्दीन मणेर छावणी मंडळाचा.
एकोणीस वर्षं पहाटे पावणेपाचला
तो तिकडून सायकल लावतो, मी इकडून.
"आलं का?"
"आलं."
एवढीच आमची संयुक्त बैठक.

माघात अकरा दिवस
चार नंबरच्या गल्लीत नळाला वास येत होता.
पहिल्या दिवशी लोक म्हणाले, औषध जास्त पडलं असेल.
पाचव्या दिवशी कुणी काही म्हणेना;
बोलणारे दवाखान्याच्या बाकावर होते.

पाणी आमचं. नळ त्यांचे.
मैलावाहिनी तिसऱ्या खात्याची,
आणि खड्डा घ्यायचा तर परवानगी चौथ्याची.
पत्रं गेली. पत्रांना पत्रं आली.
"आपल्या स्तरावर उचित कार्यवाही व्हावी."
स्तर म्हणजे जमिनीखाली किती फूट,
ते कुणी लिहिलं नव्हतं.

बाराव्या रात्री ड्रेनेजच्या पोटफोडे मॅडम
गमबूट घालून स्वतःच आल्या.
आमच्या नकाशात हद्दीपलीकडे पांढरं,
छावणीच्या नकाशातही हद्दीपलीकडे पांढरं,
म्हणजे एकमेकांच्या लेखी आम्ही नव्हतोच.
त्यांनी दोन्ही कागद एकावर एक धरले, जीपच्या दिव्यासमोर,
आणि रस्ता पहिल्यांदा अख्खा दिसला:
पिठाच्या गिरणीखाली
पिण्याची नळी मैल्याच्या नळीवरून जात होती,
झोपेत पाय टाकावा तशी.

खणायचं तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत.
मणेर त्या रात्री बार्शीला, भाचीच्या लग्नात.
माझी चावी त्याच्या व्हॉल्व्हला लागेना.
एका सुताचा फरक!
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे,
आम्हाला एका सुतापायी साधं पाणी थांबवता येईना.
फोन लावला. मागे सनई, आणि मणेर ओरडून सांगतोय,
"पंक्चरवाल्याच्या टपरीमागं, पोत्यात गुंडाळलीय.
साडेसात आटे, जास्त पिळू नको,
म्हातारा आहे तो."

सरकारी लोखंडाला कुणी म्हातारा म्हणालेलं
मी पहिल्यांदा ऐकलं.

खड्डा भरू लागला. पंप लावला, पाइप नाल्याकडे वळवला,
तेवढ्यात मॅडमनी कुणाला तरी फोन केला.
पाटबंधारेचे सोपान कुंजीर. कालव्यावर राखणदारी.
रात्री अडीचलाही जागे.
स्पीकरवर त्यांचा आवाज, घोगरा, सावकाश:
"नाल्यात नका सोडू बाई. तुमच्या मोठ्या लाइनीत घाला,
मुंढव्याला धुऊन येऊ द्या.
तुम्ही वापरून सोडता ना,
ते आमच्याकडचं पहिलं पाणी असतं."

कुणी काही बोललं नाही.
पाइप उचलून आम्ही पुढच्या चेंबरला नेला.
शंभर फूट जास्त. आमच्याकडे साठच होता;
उरलेला चाळीस छावणीच्या अग्निशमनवाल्यांनी दिला,
पोच न मागता.

साडेपाचला नळी बदलली.
सातला गिरणीवाल्या तांबेकाकूंनी पातेलं भरलं,
हुंगलं,
आणि ओतून दिलं. बरोबरच होतं त्यांचं.
तीन दिवस त्या ओतत राहिल्या.
चौथ्या दिवशी चहा टाकला.

मणेर परत आला तेव्हा आम्ही भवानी पेठेत गेलो,
वेल्डिंगवाल्याकडून एकच चावी करून घेतली:
एका टोकाला त्याचा चौकोन, दुसऱ्याला माझा.
साडेचारशे रुपये, निम्मे निम्मे, आमच्याच खिशातून.

परवा भांडारपाल विचारत होता,
ही कुठल्या रजिस्टरला चढवू?
वस्तू: चावी. नग: एक.
मालकीच्या रकान्यावर त्याचं पेन अडलं.
अजून तो रकाना कोराच आहे.
चावी पिंपळाच्या ढोलीत असते.
जो आधी येतो, तो घेतो.